एसटीएवढा बांबू

चलोभाऊला नीट बसलेला मी कधी पाहिला नाही. तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर माणूस, गाडी काय उभ्याने चालवायचा? तर जवळजवळ तसंच. सीटच्या कडेवर एवढुसा टेकलेला, छाती स्टिअरिंगला लागलेली, मान घडीघडी खिडकीबाहेर. देवलफाट्यावर गाडी भरेपर्यंत बाकीचे काळी-पिवळी जीपवाले पानठेल्यावर निवांत तंबाखूचा खर्रा घोटत बसायचे. हा मात्र आपल्या जीपभोवती फेऱ्या मारायचा. कधी टायरला लाथ घाल, कधी काच पूस, कधी आत बसलेल्या म्हाताऱ्याला विचार, "चलो का बुढा?" जणू म्हाताराच गाडी चालवणार होता. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. पंचक्रोशीत त्याला चलोभाऊच म्हणत.

मी मूळची चिमूरची. कोसमटोल्याच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा दोन पेट्या आणि एक गादी घेऊन देवलफाट्यावर उतरले, आणि इकडेतिकडे पाहते तोवर माझी गादी एका जीपच्या कॅरिअरवर चढलेली.

"अहो, अहो! मी अजून हो कुठं म्हटलंय?" मी ओरडले.

"मंग काय पायी जाता का जी मॅडम, गादी डोक्यावर घेऊन?" वरून दोरी आवळत तो म्हणाला. "कोसमटोल्याले दुसरं कोनी जातच नाई. चलो."

मला राग आला होता. पण माझा राग नाकावर असतो आणि याच्या पायाला भिंगरी. मी कशीबशी आत चढते तोवर तो उतरून गाडी सुरू करून निघालासुद्धा. भांडायचं कोणाशी?

त्याच्या या बसत नसण्याच्या गोष्टी घरोघरी होत्या. जेवायचा उभ्याने, ताट हातात घेऊन, अंगणात चकरा मारत. न्हाव्याने तर त्याची दाढी करायचं सोडूनच दिलं होतं. त्याची बायको सुमनबाई पदर तोंडाला लावून सांगायची, "हयदीच्या पाटावरून उठला ना जी मॅडम! आंगाले हयद तशीच, आन् वऱ्हाडाची गाडी बंद पडली म्हून धक्का माराले गेला. मी पाटावर एकटीच." कोणी टोकलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "बसलं का मानूस गंजते."

पण ज्या वाटेवर तो आयुष्यभर गाडी चालवत होता, ती मात्र त्याच्या अगदी उलट स्वभावाची. ती घाटाची वाट नव्हतीच मुळी. फार पूर्वी डोंगरातलं सागवान खाली आणायला अरुंद रुळांची छोटी आगगाडी टाकली होती, तिला लोक लाकूडगाडी म्हणत. रूळ केव्हाच उखडले गेले. एक तुकडा आमच्या शाळेत घंटा म्हणून टांगलेला होता, बाकीचे कोणाच्या घरात तुळई होऊन बसले होते. राहिली ती रुळांखालची वाट. डोंगराच्या कुशीला चिकटून हळूहळू चढणारी, एका गाडीपुरती रुंद, मुरुमाची, दर पावसाळ्यात उखडणारी. गावात तिला रूळवाट म्हणतात.

"आगगाडीची वाट गर्रकन वयत नाई मॅडम, वाकते," तो म्हणायचा. "घाटाचा रस्ता कसा, डोंगराशी भांडते. हे वाट त्याले समजावते." बोलता बोलता एक हात सोडून दरीकडे दाखवायचा. खाली सागाचा आणि मोहाचा हिरवा गालिचा, फाल्गुनात मध्येमध्ये पळस पेटलेले, आणि सकाळचं ऊन असलं तर खूप लांब नदीची एक चकाकती रेघ. "तो पाहा, पाहा!" म्हटलं की दुसराही हात सुटायचा.

"भाऊ, आधी रस्ता पाहा हो!" मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून किंचाळायची. देखावा सुंदर होता, नाही म्हणत नाही. पण डावं चाक आणि दरी यांच्यात एक वीतभर मुरूम असताना मला कसलं सौंदर्य दिसणार? ओढ्यावरच्या रपट्यावरून जीप उतरताना माझी हाडं खिळखिळी व्हायची आणि आपण शिकवायला आलोय की मरायला, हा विचार रोज यायचा. मागे बसलेल्या बाया खुशाल कोंबड्या मांडीवर घेऊन हसत असायच्या.

मधल्या एका उजाड माळावर तो न चुकता गाडी थांबवायचा. तिथे ना घर, ना झाड. नाव काय, तर टेशन. लाकूडगाडी पाणी घ्यायला तिथे थांबायची म्हणे. गाडी गेली, टाकी गेली, टेशन राहिलं. लोक त्याच्या आधीही उतरत नसत आणि नंतरही नाही. घर अलीकडे असलं तरी टेशनपर्यंत येऊन मागे चालत जातील. सगळ्या जगाची घाई असलेला चलोभाऊ तिथे मात्र उतरून दोन्ही बाजूंना पाहायचा, कोणी पळत येतंय का म्हणून, आणि मगच निघायचा. एवढं एकच थांबणं त्याला जमायचं.

त्याची मुलगी सरिता माझ्या वर्गात होती. बापासारखीच चुळबुळी, पण डोक्याने तल्लख आणि तोंडाने फटकळ. तिच्यासोबत आणखी चार पोरी. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला खाली देवलफाट्याच्या हायस्कुलात जायचं. आणि इथेच सगळं घोडं पेंड खायचं. आदल्या वर्षीच्या माझ्या पोरी सातवी झाल्या आणि मिरची तोडायच्या हंगामात आईबापांबरोबर तेलंगणात गेल्या, त्या शाळेत पुन्हा आल्याच नाहीत. हुशार पोरी हो! त्यातली एक परत आली तेव्हा मिरचीने भाजलेले हात घेऊन मला "जोहार मॅडम" म्हणाली. मी वर्गात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

चलोभाऊ म्हणाला, "मायी पोट्टी तं माया गाडीत जाईनच. बाकीच्याईले बी नेतो फुकट."

पण त्यांच्या बापांनी मान हलवली. बिचारे वाईट नव्हते. एक म्हणाला, "रोज रोज उपकार कायले भाऊ? आन् तुया गाडीत मानसं बसते बाजाराची, प्यालेले बी बसते. एसटी असती तं गोष्ट वेगळी. एसटीत पोट्ट्याईले पास भेटते."

आणि सरिता? तिने अंगणात पाय आपटून सांगितलं, "मी एकटी नाई जात. त्या जातीन तं मी जाईन. नाई तं मी बी मिरची तोडाले."

सुमनबाईने कपाळावर हात मारला. चलोभाऊ अंगणात गरागरा फिरत राहिला, आणि मग एकदम थबकून माझ्याकडे वळला. "मॅडम, मंग एसटीच आनू ना!"

मला हसू आलं. काळी-पिवळीवाला एसटी आणणार! म्हणजे दुकानदाराने स्वतःच्या दुकानासमोर दुसरं दुकान मांडून देण्यातला प्रकार. पण तो निघाला होता. एकदा निघाला की निघाला. आम्ही दोघं आगारात गेलो. तिथले साहेब सभ्य होते, खुर्ची दिली, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "बाई, तुमचं सगळं खरं. पण त्या रस्त्यावर बस बसत नाही."

चलोभाऊ ताडताड बाहेर आला. मग पायरीवर थांबून म्हणाला, "बस बसत नाई म्हंते! मी बी नाई बसत. मायं काई अडलं का आजपावतर?"

साहेबांच्या बोलण्यात तथ्य होतं. वाटेत एके ठिकाणी लाकूडगाडीसाठी कातळ फोडून खिंड केलेली होती, दोन्हीकडे उभा दगड. तिच्यातून जीप जायची, बैलगाडी जायची. बस जाईल की नाही, कोणी सांगावं?

दोन दिवस गेले असतील. सकाळी रुळाचा तुकडा बडवून मी शाळा भरवत होते, तर खालून जीप आली आणि पोरं रांगा सोडून पळाली. जीपच्या कॅरिअरवर एक लांबलचक हिरवा बांबू आडवा बांधलेला, दोन्ही बाजूंनी हातहातभर बाहेर.

"हे काय हो भाऊ? तिरडीचं सामान?"

"एसटी हाय मॅडम!" तो खाली उडी मारत म्हणाला. "अहेरीच्या स्टँडावर उभी होती. तिच्या नाकाले लावून मोजला आन् कापला. कंडाक्टर म्हने, पागल झाला का बे. म्या म्हनलं, तुयी एसटी घेऊन जाऊन राह्यलो."

तेव्हापासून तो बांबू काही उतरला नाही. जीप एसटीएवढी होऊन रोज ये-जा करू लागली. जिथे बांबू फांदीला अडकेल तिथे गाडी थांबायची, चलोभाऊ कोयता घेऊन वर चढायचा. जिथे टोक दरडीला घासेल तिथे गावकरी फावडी घेऊन उतरायचे. बाजारची माणसं आधी वैतागली. एक म्हातारी तर म्हणाली, "आमाले घरी ने बापा, एसटी मंग आन." पण हळूहळू त्यांनाही नाद लागला. बांबू अडकला की गाडीतूनच ओरडायचे, "लागला! लागला! डाव्या अंगाले!" आणि कोंबड्या बाजूला ठेवून खाली उतरायचे. त्या उन्हाळ्यात रूळवाट घासूनपुसून कधी नव्हे एवढी रुंद झाली.

फक्त एका झाडाशी अडलं. टेशनाच्या वर एक जुना ऐन होता, त्याची जाड फांदी बरोबर वाटेवर आलेली. ऐनात देव असतो. त्याला कोयता लावायची कोणाची टाप? गावचा भुमिया, म्हणजे देवाचं करणारा म्हातारा, त्याला बोलावलं. त्याने तांदूळ टाकले, डोळे मिटले, आणि सगळ्यांना बसायला सांगितलं. देवाचा होकार यायला किती वेळ लागेल हे देवालाच ठाऊक. माझी नजर झाडाकडे नव्हतीच, चलोभाऊकडे होती. तो उकिडवा बसला, उठला, पुन्हा उकिडवा झाला, त्याच्या कपाळावर घाम फुटला. शेवटी म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "तोडू नोको. बांध." मग जाड दोराने ती फांदी एसटीच्या टपाहूनही वर ओढून खोडाला बांधली, आणि बांबू खालून सुरळीत गेला. म्हातारा चलोभाऊकडे पाहून म्हणाला, "देव बी थांबला तुयासाठी. तुले नाई थांबता येत."

खिंडीतून बांबू गेला त्या दिवशी त्याने मला शाळेतून ओढत नेलं. दोन्ही टोकांना बोटबोट जागा ठेवून बांबू कातळातून पार झाला. तो वेड्यासारखा हॉर्न वाजवत राहिला. आगारात निरोप गेला, आणि मे महिन्यात साहेब खरोखरच एक रिकामी बस घेऊन आले.

सगळा गाव खिंडीच्या वरच्या तोंडाशी जमला होता. पाची पोरी सगळ्यांत पुढे, वेण्या घालून, जणू आजच शाळा आहे. मी साहेबांबरोबर खालून बसमध्ये होते. बस वाकत वाकत चढली, ऐनाखालून गेली, खिंडीच्या खालच्या तोंडाशी हात हलवत उभ्या असलेल्या चलोभाऊपर्यंत आली, आणि कच्चकन ब्रेक लागला.

बसला आरसे असतात. दोन्ही बाजूंना, कानांसारखे बाहेर आलेले. चलोभाऊने बस मोजली होती, तिचे कान मोजले नव्हते.

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तोंड उघडं, हात तसाच हवेत. एवढा मोठा बाप्या, आता रडतो की काय असं वाटलं. पलीकडून पोरींचा कलकलाट ऐकू येत होता आणि साहेब म्हणत होते, "घ्या मागे. मी सांगितलंच होतं."

आमचा बसड्रायव्हर पांढऱ्या मिशांचा होता. त्याने खाली उतरून खिंड पाहिली, आरसे पाहिले, चलोभाऊला पाहिलं. मग शांतपणे दोन्ही आरसे आत मुडपले. "मागचं दिसणार नाई आता," तो म्हणाला. "पन मागं जाचं कोनाले हाय? कोनी तरी पुढं चाला, मले दोन्हीकडचं सांगा."

चलोभाऊ बससमोर उलटा चालू लागला. दोन्ही हात पसरून, एका एका पावलाने. "येऊ द्या... डाव्या अंगाले... येऊ द्या जी... बस, बस... येऊ द्या." जन्मात तो एवढा हळू चालला नसेल. खिडकीबाहेर दगड माझ्या नाकाला लागेल असा सरकत होता. मी देवाचं नाव घेत होते, कोणत्या ते विचारू नका, जो आठवेल त्याचं. आणि एकाएकी लख्ख ऊन आलं, पोरी किंचाळल्या. बस पार झाली होती.

नाचणं, कुंकू, नारळ सगळं झालं. मग साहेबांनी घसा खाकरला. ते म्हणाले, बस सुरू करू. कंडक्टर खिंडीपाशी उतरून आरसे मुडपील. पण या सगळ्या वाटेवर दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, आणि खिंडीत बसला मागे घेता येणार नाही. समोरून ही काळी-पिवळी आली तर?

मी पुढे सरसावले. "त्यात काय साहेब? वेळ ठरवून द्या. बस वाटेवर असेल तेवढा वेळ हा थांबेल."

"चालेल," साहेब म्हणाले. "थांबणार असाल तर आमची हरकत नाही."

सगळे चलोभाऊकडे पाहू लागले. तो पोरींकडे पाहत होता. मग म्हणाला, "नाई साहेब. गाडी बंद करतो मी या वाटेवर."

माझं डोकंच फिरलं. एवढी सवलत मिळतेय आणि हा मूर्ख आपल्या पोटावर पाय देतोय! मी त्याला बाजूला घेऊन फाडफाड बोलले. घर आहे, बायको आहे, दिवसातून दोनदा थोडं थांबायला काय धाड भरलीय?

त्याने सगळं ऐकून घेतलं. "मॅडम," तो म्हणाला, "मी थांबनारा मानूस हाय का? तुमीच सांगा. आज थांबीन, उद्या थांबीन. एक दिस मले घाई होईन. आन् खिंडीत समोर ह्या पोट्ट्या असतीन."

स्वतःला एवढं ओळखणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आपण सगळे म्हणतो, उद्यापासून सुधारू. हा म्हणाला, मी नाही सुधारणार, तेव्हा मला वाटेतून काढा.

जूनमध्ये एसटी सुरू झाली. पहिल्या दिवशी पाची पोरी नवी दप्तरं छातीशी धरून चढल्या. कंडक्टरने त्याला हाक मारली, "या ना भाऊ, आज मानाची सीट तुमची." तो दाराशी उभा होता. हसला आणि म्हणाला, "मले कुठी जायाचं हाय?" हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची आम्हाला सवय नव्हती. सुमनबाईने पटकन तोंड फिरवलं.

महिनाभरात तो जीप घेऊन सिरोंच्याकडे गेला. तिकडे मोठा रस्ता, लांबचे फेरे, त्याला मानवलं असावं. शनिवारी घरी यायचा. पण देवलफाट्यावर जीप उभी केली की डोंगर पायी चढायचा. एसटी समोर उभी असली तरी चढायचा नाही. मी एकदा त्यावरूनही भांडले. "त्या वाटेवर मी बसून जाऊ? दुसऱ्याच्या गाडीत?" तो म्हणाला, आणि वर हसला. त्यात राग नव्हता. पण मला ते हसणं बरं वाटलं नाही.

पोरी दहावीत गेल्या त्या वर्षी माझी बदली झाली. पुन्हा त्याच दोन पेट्या, गादी मात्र मी सुमनबाईला दिली. शनिवारची सकाळची शाळा होती, म्हणून पोरींबरोबरच एसटीने खाली निघाले. निरोपाचं रडणं गावातच उरकलं होतं. पोरी खिडक्यांजवळ ओळीने बसल्या होत्या, मी सगळ्यांत मागे.

बस आरसे मुडपून खिंडीत शिरली आणि मध्यावर एकदम थांबली. ड्रायव्हर पुढे वाकून कोणाला तरी शिव्या घालत होता. मी डोकावले. समोर चलोभाऊ! रात्रभर प्रवास करून आलेला, धुळीने माखलेला, चपला हातात. बस यायची वेळ त्याला पाठ होती. खिंडीच्या तोंडाशी दोन घटका थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. शिरला होता आत.

तिथल्या कातळात एक कोनाडा आहे. लाकूडगाडी आली की रुळांवर काम करणाऱ्या माणसाने अंग चोरून उभं राहावं म्हणून कोरलेला, माणूसभरच. चलोभाऊ त्यात शिरला, पाठ दगडाला लावली, पोट आत ओढलं आणि ओरडला, "येऊ द्या!"

बस मुंगीच्या पावलाने सरकू लागली. पहिली खिडकी सरिताची. दांड्यांमधून हात बाहेर काढून तिने बापाच्या कपाळावरची धूळ पुसली. त्याला मान हलवायलाही जागा नव्हती. मग दुसरी खिडकी आली, त्या पोरीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिसरी. मग चौथी, पाचवी. इंजिन घरघरत होतं. तो डोळे मिटून उभा होता, आणि गालांवरच्या धुळीतून पाणी वाहत होतं.

मग माझी खिडकी आली. मॅडमपणा विसरून मीही हात बाहेर काढला.